हंगामाचा हिशेब

(पाठ परिचय : शाळेच्या किंवा घराच्या मागे भाजीपाला लावणे हे आनंदाचे काम आहे. परंतु एका हंगामात काय मिळाले, काय गेले आणि का गेले, हे पाहिल्याशिवाय पुढचा हंगाम चांगला येत नाही. हा हिशेब कसा करावा आणि त्यावरून पुढची आखणी कशी करावी, हे लेखकाने प्रस्तुत पाठात एका शालेय परसबागेच्या उदाहरणातून सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, ‘खरीप’ आणि ‘रब्बी’ हे दोन शब्द तुम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचले आहेत. उर्दूत आपण ‘खरीफ’ आणि ‘रबी’ म्हणतो. दोन्ही शब्द मूळचे अरबी. खरीफ म्हणजे शरद ऋतू आणि रबी म्हणजे वसंत ऋतू. जे पीक पावसाळ्यात पेरून शरदात हाती येते ते खरीप आणि जे हिवाळ्यात वाढून वसंतात हाती येते ते रब्बी. म्हणजे पिकांना ही नावे पेरणीवरून मिळाली नाहीत, काढणीवरून मिळाली.

‘रबीउल अव्वल’ या महिन्याच्या नावातही हाच ‘रबी’ आहे. पण तो महिना दरवर्षी वसंतात येतो का? नाही. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते, त्यामुळे तो महिना सर्व ऋतूंतून फिरतो. पीक मात्र सूर्याच्या हिशेबाने चालते. म्हणूनच आपल्याकडचा शेतकरी सूर्याच्या नक्षत्रांवर लक्ष ठेवतो. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस मृग लागतो आणि पेरणीची घाई सुरू होते. सप्टेंबरच्या शेवटी हस्त लागतो. त्याला लोक ‘हत्ती’ म्हणतात. हत्तीचा पाऊस ओसरला की खरिपाचे काम संपत येते आणि रब्बीची तयारी सुरू होते.

या दोन हंगामांच्या मध्ये जे थोडे दिवस मिळतात, ते फार मोलाचे असतात. या दिवसांत दोन कामे करायची असतात. एक, मागे वळून पाहायचे. दुसरे, पुढचे ठरवायचे. पहिले काम न करता दुसरे केले, तर जुनीच चूक नव्या बियाण्याने पुन्हा पेरली जाते.

आता तुम्ही म्हणाल, ‘मागचे आम्हांला आठवते की! लिहून कशाला ठेवायचे?’ मित्रांनो, आठवण ही फसवी असते. हातभर लांब दोडका आला तो दिवस सर्वांना आठवतो. पण बी किती तारखेला पेरले, पाऊस कधी थांबला, पहिले पान कधी सुकले, हे दोन महिन्यांनी कोणालाही नीट सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक बागेची एक वही असावी. तिला आपण ‘बागवही’ म्हणू.

आमची शाळा रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठच्या एका गावात आहे. शाळेच्या मागे जांभ्याच्या तांबड्या मातीची एक पट्टी आहे. तेथे आठवीच्या वर्गाने पावसाळ्यात सहा वाफे केले. प्रत्येक वाफा २ मीटर लांब व १ मीटर रुंद होता. म्हणजे एकूण क्षेत्र झाले १२ चौरस मीटर. निघालेली भाजी स्वयंपाकघरातील काट्यावर तोलून शाळेच्या खिचडीत घालायची, असे ठरले होते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वर्गाने वही उघडली, तेव्हा तिच्यातील नोंदींचा सारांश असा निघाला :

वाफा १, भेंडी : पेरणी १८ जून. पहिली तोडणी ५ ऑगस्ट. एकूण ३ किलो २०० ग्रॅम. सप्टेंबरमध्ये पाने पिवळी.
वाफा २, चवळी : पेरणी १८ जून. एकूण १ किलो ८०० ग्रॅम. रोग नाही.
वाफा ३, टोमॅटो : ८ रोपे, लागवड १५ जुलै. ५ झाडे वाळली. एकूण ९०० ग्रॅम.
वाफा ४, मेथी : दोनदा पेरली, जुलै व ऑगस्ट. दोन्ही वेळा कुजली. काही नाही.
वाफा ५, दोडका (कुंपणावर) : एकूण २ किलो ६०० ग्रॅम. ९ फळे किडकी.
वाफा ६, लाल माठ : पेरणी १८ जून. पहिली कापणी २० जुलै. एकूण ४ किलो ५०० ग्रॅम.

बेरीज केली तर १३ किलो होते. म्हणजे दर चौरस मीटरला एक किलोहून थोडे अधिक. खिचडीच्या मोठ्या पातेल्यासमोर हे फार नव्हे. शिवाय दोन वाफे जवळजवळ रिकामे गेले होते. मुले हिरमुसली. एक मुलगा म्हणाला, “सर, आपली जमीनच वाईट आहे.” दुसरा म्हणाला, “सर, आपले नशीबच वाईट!”

याच सुमारास आणखी एक प्रश्न उभा राहिला. शाळेत बरीच मुले सायकलीने येतात. पावसात सायकली भिजतात, साखळ्या गंजतात. बागेच्या जागी छप्पर टाकून सायकली ठेवाव्यात, अशी काही पालकांची सूचना होती. सूचना रास्त होती. मुख्याध्यापक वर्गात आले आणि म्हणाले, “बाग ठेवायची की छप्पर टाकायचे, ते मी तुमच्या वहीवरून ठरवीन. आठ दिवसांत मला हिशेब द्या. नुसती बेरीज नको, कारणेही हवीत.”

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. किती मिळाले हे सांगणे म्हणजे अर्धा हिशेब. का मिळाले आणि का गेले, हे सांगितले की तो पुरा होतो. ‘झाड वाळले’ ही नुसती बातमी झाली. तिच्यामागचे कारण शोधण्यासाठी प्रत्येक वाफ्याला चार प्रश्न विचारावेत. जागा योग्य होती का? वेळ योग्य होती का? पाणी जास्त झाले की कमी? कीड किंवा रोग होता का, आणि तो कोठून आला? वर्गाने हेच चार प्रश्न घेऊन एकेक वाफा तपासला. आपणही त्यांच्याबरोबर पाहू या.

सर्वांत आधी मेथी. जमीन वाईट आहे, असे म्हणणाऱ्याला वहीनेच उत्तर दिले. वाफा ४ आणि वाफा ६ यांत फरक होता तो पाच पावलांचा. माती तीच, खत तेच, ऊन तेच. तरी सहाव्या वाफ्यात माठ उदंड आला आणि चौथ्यात मेथी कुजली. मग दोष मातीचा कसा? एका मुलीने घरी दादीला विचारले. दादी म्हणाली, “अगं, मेथी थंडीची भाजी. आषाढातल्या पावसात ती कशी तग धरणार?” कोकणात पावसाळ्याच्या चार महिन्यांत धो धो पाऊस पडतो. सपाट वाफ्यात पाणी साचते आणि मेथीची कोवळी रोपे बुंध्याशी कुजून कोलमडतात. माठ हे उष्ण व दमट हवेचे पीक, म्हणून ते टिकले. म्हणजे मेथी गेली ती चुकीच्या वेळेमुळे.

आता टोमॅटो. हे कारण सहज सापडले नाही. झाडे हिरवी होती, पानांवर डाग नव्हते, कीड नव्हती. तरी एका दुपारी शेंडे माना टाकत आणि दोन-चार दिवसांत सारे झाड वाळून जाई. मग वर्गाने एक साधा प्रयोग केला. नुकत्याच सुकू लागलेल्या झाडाचा बुंध्याजवळचा तुकडा स्वच्छ कापला आणि काचेच्या ग्लासातील पाण्यात तो टोक बुडेल असा धरून ठेवला. थोड्याच वेळात कापलेल्या भागातून दुधासारखे पांढरे धागे पाण्यात उतरू लागले. हे रोगाचे जिवाणू. या रोगाला ‘जिवाणूजन्य मर’ म्हणतात. हे जिवाणू मातीत राहतात, मुळांतून खोडात शिरतात आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या बंद करतात. म्हणून जमीन ओली असतानाही झाड तहानेने मरते!

पण हे जिवाणू तिसऱ्याच वाफ्यात का होते? याचे उत्तर गेल्या वर्षीच्या बागवहीत मिळाले. तेथे एकच ओळ होती : ‘वाफा ३, वांगी. काही झाडे वाळली.’ टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा ही एकाच कुळातील झाडे आहेत. एकाचा रोग दुसऱ्याला लागतो. सूचना वर्षभर वहीत पडून होती. यंदा वाफे वाटून घेताना मुलांनी ती ओळ वाचली नव्हती. पाच झाडे गेली ती त्यामुळे. वही लिहिणे जितके आवश्यक, तितकेच ती वेळेवर वाचणेही आवश्यक आहे.

भेंडीची कथा वेगळी होती. तारखांप्रमाणे वजने मांडली, तेव्हा असे दिसले की ऑगस्टमध्ये एक दिवसाआड चांगली तोडणी होत होती. मग गणपतीच्या सुट्टीत सलग पाच दिवस काहीच नोंद नाही. सुट्टीनंतर भेंड्या लांब, टणक आणि दोरे सुटलेल्या मिळाल्या. त्या खाण्याजोग्या नव्हत्या, आणि त्यानंतर नवी फळेही कमी लागली. भेंडीचा स्वभाव असा आहे की कोवळी फळे तोडत राहिलात तर झाड नवी फळे देत राहते. फळे झाडावर जून झाली की त्याची शक्ती बी तयार करण्यात जाते. पुढे पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या. हा ‘केवडा’ किंवा ‘हळद्या’ नावाचा विषाणूजन्य रोग होय. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. असे झाड दिसताच उपटून टाकावे. वहीत पहिले पिवळे झाड ३ सप्टेंबरला दिसल्याची नोंद होती. ते उपटल्याची नोंद मात्र १९ सप्टेंबरची होती. तोवर अर्धा वाफा पिवळा झाला होता.

दोडक्याची नऊ फळे फळमाशीने नासली. ही माशी कोवळ्या फळाच्या सालीला भोक पाडून आत अंडी घालते. अळ्या फळ आतून खातात आणि मोठ्या झाल्या की जमिनीत शिरून कोषात जातात. म्हणून किडके फळ वेलाखाली तसेच टाकणे म्हणजे पुढच्या माश्यांची पैदास करणे होय. ते खड्ड्यात खोल पुरावे. काकडीवर्गातील वेलींसाठी ‘क्यू-ल्यूर’ नावाचे आमिष लावलेले सापळे मिळतात. त्यांत नर माश्या अडकतात. शिवाय कोवळ्या फळांवर जुन्या कापडाच्या पिशव्या बांधल्या, तरी बराच बचाव होतो.

चवळीच्या वाफ्यात दोष सापडला नाही. पण तिची झाडे उपटल्यावर मुळांवर मण्यांएवढ्या गाठी दिसल्या. त्यांत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात आणि हवेतील नायट्रोजन झाडाला उपयोगी पडेल अशा रूपात बदलतात. म्हणून हे पीक काढताना झाडे बुंध्याशी कापावीत व मुळे जमिनीतच राहू द्यावीत. पुढच्या पिकाला ते फुकटचे खत होते.

पाहा, मित्रांनो! सहा वाफे, आणि प्रत्येकाचे कारण निराळे. एकदा कारणे हाती आली की आखणी अवघड राहत नाही. आखणीचा पहिला नियम असा : एकाच जागी एकाच कुळातील पीक लागोपाठ लावू नये. याला ‘पिकांची फेरपालट’ म्हणतात. मुळा, कोबी, नवलकोल आणि मोहरी हे एक कूळ. काकडी, दोडका, कारले, पडवळ आणि भोपळा हे दुसरे. चवळी, वाल, घेवडा, मटार आणि मेथी हे द्विदल पिकांचे तिसरे. टोमॅटो, वांगी, मिरची हे चौथे. ही कुळे लक्षात ठेवून वर्गाने रब्बीचा नकाशा असा आखला :

वाफा १ (आधी भेंडी) : मुळा. ४० ते ५० दिवसांत निघेल, मग उरलेल्या दिवसांत कोथिंबीर.
वाफा २ (आधी चवळी) : नवलकोल. चवळीने साठवलेल्या नायट्रोजनचा त्याला उपयोग होईल.
वाफा ३ (आधी रोगट टोमॅटो) : मका. मक्याला हा रोग लागत नाही. या वाफ्यात निदान तीन वर्षे टोमॅटो, वांगी, मिरची बंद.
वाफा ४ (आधी कुजलेली मेथी) : पुन्हा मेथीच, पण योग्य वेळी. अर्धा वाफा ऑक्टोबरच्या अखेरीस, उरलेला अर्धा पंधरा दिवसांनी.
वाफा ५ (आधी दोडका) : कुंपणावर वाल.
वाफा ६ (आधी माठ) : टोमॅटो.

सहावा वाफा टोमॅटोसाठी का निवडला, हे कळले का? तेथे या कुळातील पीक पूर्वी लावल्याची नोंद नव्हती. शिवाय तो उताराच्या वरच्या बाजूला आहे. तिसऱ्या वाफ्याचे पाणी वाहत तेथे येत नाही. तिसऱ्या वाफ्यात वापरलेली कुदळ व खुरपे धुऊन मगच दुसरीकडे वापरायचे, हेही ठरले. रोगट झाडे खताच्या खड्ड्यात न टाकता वाळवून जाळली. रोपांसाठी ‘अर्का रक्षक’ हा टोमॅटोचा संकरित वाण निवडला. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने तो तयार केला असून जिवाणूजन्य मर रोगाला तो प्रतिकार करतो. अशा संकरित वाणाच्या फळांतील बी मात्र पुढच्या वर्षी पेरू नये. त्यापासून तशीच झाडे येत नाहीत. भेंडीचे बी सुधारित वाणाचे होते. निरोगी राहिलेल्या झाडांवर जून झालेल्या भेंड्या वाळवून त्यांचे बी पुढच्या पावसाळ्यासाठी डबीत ठेवले. सुट्टीतले थोडे नुकसान असे भरून निघाले.

जुने बियाणे पेरण्यापूर्वी ते तपासावे. २० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत. फडके सुकू देऊ नये. चार-पाच दिवसांनी मोजावे. १५ दाण्यांना मोड आले, तर उगवण ७५ टक्के झाली. १० पेक्षा कमी दाणे उगवले, तर नवे बी आणणे बरे. दर चौरस मीटरला अडीच किलो कुजलेले शेणखत धरले, तर १२ चौरस मीटरला ३० किलो लागते. तेवढे खत आधीच मिळवून ठेवावे. पेरणीच्या दिवशी शोधाशोध करू नये.

आता सर्वांत मोठा प्रश्न, पाण्याचा. पावसाळ्यात पाणी जास्त झाले म्हणून रडायचे आणि हिवाळ्यात कमी पडले म्हणून रडायचे, हे टाळता येते. त्यासाठी एक सोपे गणित आहे. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. हिवाळ्यात भाजीला दिवसाला ४ मिलिमीटर पाणी धरले, तर १२ चौरस मीटरला ४८ लिटर लागेल. १० लिटरची झारी असेल तर जवळजवळ पाच झाऱ्या. मार्चच्या उन्हात ६ मिलिमीटर धरले, तर ७२ लिटर, म्हणजे सात झाऱ्यांहून थोडे अधिक. रोज एवढे पाणी कोण घालणार आणि कोठून आणणार, हे पेरणीच्या आधी ठरवायचे असते.

आमच्या गावच्या विहिरींचे पाणी एप्रिल-मे महिन्यांत खाली जाते. खाडी जवळ असल्याने काही विहिरींना तेव्हा खारटपणा येतो. म्हणून मार्चअखेर संपतील अशीच पिके निवडली. झाडांच्या बुंध्याशी वाळक्या पाल्याचा थर अंथरायचे ठरले, म्हणजे ऊन लागून ओल उडून जात नाही. एका मुलाने आणखी एक चांगली गोष्ट सुचवली. जुहरच्या नमाजाआधी मुले वुजू करतात, ते पाणी गटारात जाते. त्यात साबण नसतो. तेच पाणी पाटाने एका पिंपात घेतले, तर बागेला रोज काही झाऱ्या मिळतील. पाण्याचा ‘इसराफ’ करू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते वागणुकीत आणण्याची ही एक सोपी वाट होती.

शेवटी पाळीपत्रक तयार झाले. प्रत्येक दिवसासाठी दोन नावे, आणि सुट्टीच्या दिवसांसाठी शाळेजवळ राहणाऱ्या मुलांची नावे. भेंडीने शिकवलेला धडा येथे उपयोगी पडला.

आठ दिवसांनी वर्गाने हिशेब आणि नकाशा मुख्याध्यापकांपुढे ठेवला. त्यांनी वही पानापानाने वाचली आणि विचारले, “आणि सायकली?” एका मुलीने उत्तर दिले, “सर, आता जूनपर्यंत पाऊस नाही. छपराची गरज तेव्हा आहे. तोपर्यंत आम्हांला एक हंगाम द्या.” मुख्याध्यापक क्षणभर थांबले. मग म्हणाले, “ठीक आहे. मार्चअखेर ही वही पुन्हा माझ्याकडे आणा. तेव्हा बोलू.” छपराचा प्रश्न सुटलेला नाही. पण ‘जमीन वाईट, नशीब वाईट’ असे म्हणून जी बाग दोन मिनिटांत बंद झाली असती, तिला कारणे सांगता आली म्हणून सहा महिने मिळाले.

मित्रांनो, हंगाम हा फारसी शब्द आहे. त्याचा अर्थ वेळ, काळ. मराठीत तो ऋतूला आणि पिकाच्या काळाला लावतात. जमीन नांगरून, खुरपून तयार करण्याला मराठीत ‘मशागत’ म्हणतात. तो शब्द आपल्या ‘मशक्कत’ या शब्दावरून आला. हिशेब म्हणजे हिसाब, हे तर तुम्हांला ठाऊकच आहे. या तीन शब्दांत बागेचे सारे काम सामावले आहे : वेळ साधा, मशागत करा आणि हिशेब ठेवा.

तुमच्या शाळेत जागा नसेल, तरी घराच्या ओट्यावर चार डबे किंवा एक जुनी बादली मावेल. बुडाला भोके पाडा, माती व खत भरा आणि मेथी पेरा. २५ ते ३० दिवसांत तुमची पहिली जुडी तयार होईल. एक वहीही करा. तिच्या पहिल्या पानावर गेल्या हंगामात काय बिघडले आणि का बिघडले, ते लिहा. पेरणीच्या दिवशी आधी ते पान वाचा आणि मग बियाण्याची पुडी उघडा.

शब्दार्थ

परसबाग – घराच्या किंवा शाळेच्या मागील बाग
वाफा – भाजी लावण्यासाठी आखलेला जमिनीचा तुकडा
काढणी – तयार पीक काढून घेणे
जून – कोवळेपणा गेलेले, निबर
रास्त – योग्य, वाजवी
बुंधा – झाडाच्या खोडाचा जमिनीजवळचा भाग
मर – झाड सुकून मरण्याचा रोग
फेरपालट – अदलाबदल
झारी – झाडांना पाणी घालण्याचे भांडे
पिंप – पाणी साठवण्याचे मोठे भांडे

वाक्प्रचार

हिरमुसणे – नाराज होणे
माना टाकणे – सुकून खाली वाकणे
तग धरणे – टिकून राहणे
हाती येणे – मिळणे

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) खरीप व रब्बी ही नावे कशावरून पडली?
(आ) पांढरी माशी कोणता रोग पसरवते?
(इ) चवळीच्या मुळांवरील गाठींत कोणते जिवाणू राहतात?
(ई) मुख्याध्यापकांनी वर्गाकडे काय मागितले?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) जुलैमध्ये पेरलेली मेथी कुजली.
(आ) तिसऱ्या वाफ्यातील टोमॅटोची झाडे वाळली.
(इ) सुट्टीनंतर भेंडीला नवी फळे कमी लागली.
(ई) किडके दोडके वेलाखाली टाकू नयेत.

प्र. ३. पाच-सहा वाक्यांत उत्तर लिहा.
सायकलींसाठी छप्पर की बाग? दोन्ही बाजूंचा विचार करून तुमचे मत मांडा.

प्र. ४. हिशेब करा.
तुमच्या वाफ्याची लांबी ३ मीटर व रुंदी १ मीटर आहे. दिवसाला ४ मिलिमीटर पाणी द्यायचे, तर ३० दिवसांत किती लिटर पाणी लागेल?

प्र. ५. पुढील शब्दांना उर्दूत कोणते शब्द आहेत ते लिहा व प्रत्येक शब्दाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
हिशेब, मशागत, हंगाम, खरीप, नुकसान

उपक्रम : घरातील वडीलधाऱ्यांना विचारून कोणती भाजी कोणत्या महिन्यात लावतात याची यादी करा. ती वर्गात वाचून दाखवा आणि सर्वांच्या याद्या मिळून वर्गाचे एक ‘भाजी-पत्रक’ तयार करा.